जुने अंक कोणत्या फाइल सिस्टिमवर ठेवावेत? झेडएफएस, बीटीआरएफएस आणि नवी बीकॅशएफएस

तालुक्याच्या गावातल्या एका जुन्या वाचनालयाचा सर्व्हर मी गेली काही वर्षं सांभाळतो. तिथे जुन्या मासिकांचे अंक, दिवाळी अंक आणि गावातल्या घरांनी विश्वासाने आणून दिलेले मोडी कागद स्कॅन होतात. आजवर ९ टीबी भरलंय आणि दर महिन्याला भर पडतेच. जुना सर्व्हर बदलायचं ठरलं तेव्हा स्कॅनिंग करणारा मुलगा म्हणाला, "दादा, बीकॅशएफएस टाकूया का? एकाच ठिकाणी सगळं आहे त्यात." शेजारी कार्यवाह सर बसले होते. फाइल सिस्टिम म्हणजे डिस्कवर फाइली मांडून सांभाळणारं सॉफ्टवेअर, हे त्यांना ठाऊक नव्हतं, पण त्यांनी नेमकं विचारलं. "यातले बरेच कागद घरवाल्यांनी परत नेलेत. काही तर हातात धरताच तुटत होते. म्हणजे स्कॅन हीच प्रत. हे नवं किती भरवशाचं?"

त्या प्रश्नावर आम्ही दोन महिने घालवले. तुमच्याकडेही असाच साठा असेल, मग ते छायाचित्रं असोत, दवाखान्याचे अहवाल असोत की संस्थेचे हिशेब, तर आमचा अभ्यास तुम्हाला उपयोगी पडेल. डिस्क ४, प्रत्येकी ८ टीबी. सांभाळणारा माणूस एक आणि तोही रोज तिथे नसणारा. वीज अधूनमधून जाते, यूपीएस आहे पण त्याची बॅटरी जुनी. निर्णय घेताना ही माहिती फाइल सिस्टिमच्या गुणांइतकीच महत्त्वाची ठरली.

साध्या ईएक्सटी ४ वर का भागत नाही

पहिला विचार कुणाच्याही मनात हाच येईल, की इतकी वर्षं चाललेली ईएक्सटी ४ घ्यावी, खाली लिनक्सचं एमडी रेड (अनेक डिस्क एकत्र बांधणारी सोय) लावून एकच मजकूर दोन्हींवर ठेवणाऱ्या डिस्कच्या जोड्या कराव्यात आणि मोकळं व्हावं. बहुतेक कामांसाठी हे उत्तम आहे. वाचनालयाच्या सर्व्हरची ऑपरेटिंग सिस्टिम आजही ईएक्सटी ४ वरच आहे.

साठ्यासाठी मात्र अडचण येते. डिस्क कधीकधी चुकीचा मजकूर वाचून देते आणि चूक झाल्याचं सांगतही नाही. ईएक्सटी ४ फाइलींच्या नोंदींचा चेकसम (मजकुरावरून काढलेला पडताळणीचा आकडा) ठेवू शकते, पण फाइलीतल्या मजकुराचा ठेवत नाही. एमडीच्या जोडीत दोन डिस्कवरचा मजकूर जुळत नाही हे तपासणीत कळतं, पण दोघांतला खरा कोणाचा हे ठरवायला त्याच्याकडे काहीच नसतं. आमच्याकडे एका मासिकाच्या अंकातली ६ पानं अर्धी करडी निघाली. कधी बिघडली ते कळलं नाही आणि बॅकअपमध्येही तीच बिघडलेली प्रत जाऊन बसली होती. पानं पुन्हा स्कॅन करता आली, कारण तो अंक अजून कपाटात होता. मोडी कागदांच्या बाबतीत तसं झालं नसतं.

म्हणून प्रत्येक तुकड्याचा चेकसम ठेवणारी आणि बिघडलेला तुकडा दुसऱ्या प्रतीवरून आपोआप दुरुस्त करणारी फाइल सिस्टिम हवी होती. लिनक्सवर अशा तीन आहेत: झेडएफएस, बीटीआरएफएस आणि बीकॅशएफएस. तिन्ही मुक्त स्रोत आहेत आणि तिन्हींत स्नॅपशॉट (साठ्याची त्या क्षणाची जपून ठेवलेली स्थिती) व कॉम्प्रेशनही आहे. गुणांची यादी शेजारी शेजारी मांडली तर बीकॅशएफएस कुठेच मागे पडत नाही. एसएसडीवर आधी लिहून मागाहून मोठ्या डिस्कवर सरकवणं तिच्यात मुळातच आहे. मुलाचा उत्साह मला पूर्ण पटत होता.

'स्थिर' या शिक्क्याचा इतिहास

आधी जुनं पाहिलं. ईएक्सटी ४ लाही एकदा नवी म्हणून पारखून घ्यावं लागलं होतं.

डिसेंबर २००८ मध्ये लिनक्स २.६.२८ आलं आणि ईएक्सटी ४ वरचा 'विकासाधीन' हा शिक्का निघाला. पुढच्या काही महिन्यांत लोकांच्या तक्रारी यायला लागल्या, की यंत्र अचानक बंद पडलं आणि पुन्हा चालू केल्यावर पाहतो तर कितीतरी फाइलींचा आकार शून्य. आधीची ईएक्सटी ३ साधारण ५ सेकंदांनी मजकूर डिस्कवर उतरवायची. ईएक्सटी ४ वेगासाठी डिस्कवरची जागा ठरवणं लांबवायची, त्यामुळे मजकूर बराच जास्त वेळ नुसता मेमरीत राहायचा. अनेक प्रोग्रॅम मजकूर डिस्कवर नक्की उतरल्याची खात्री न करताच जुन्या फाइलीवर नवी ठेवून मोकळे व्हायचे. ईएक्सटी ३ वर ते खपून जायचं.

मुख्य विकासक थिओडोर त्सो यांचं म्हणणं होतं, की नियमांनुसार चूक त्या प्रोग्रॅमांची आहे. ते खरंही होतं. पण तेवढं सांगून ते थांबले नाहीत. फाइल बदलण्याची ही सर्रास वापरली जाणारी पद्धत ओळखून मजकूर आधी उतरवणारी दुरुस्ती त्यांनी केली आणि ती २.६.३० मध्ये आली. कोणतंही नवं सॉफ्टवेअर पाहताना मी आता अशीच जागा शोधतो. लोकांचं नुकसान झालं तेव्हा त्यामागच्या माणसांनी काय केलं? ते उघड बोलले का? आणि नियम आपल्या बाजूने असतानाही दुरुस्ती केली का?

दुसरा प्रसंग झेडएफएसचा आणि तो अगदी अलीकडचा आहे. झेडएफएस सन मायक्रोसिस्टिम्समध्ये जेफ बॉनविक आणि मॅथ्यू अॅरेन्स यांनी घडवली आणि २००५ मध्ये तिचा कोड खुला झाला. पुढे अमेरिकेतल्या लॉरेन्स लिव्हरमोर राष्ट्रीय प्रयोगशाळेत ब्रायन बेहलेनडॉर्फ यांच्या पुढाकाराने ती लिनक्सवर रुजली, कारण तिथल्या महासंगणकाला प्रचंड साठा हवा होता. इतक्या पिकलेल्या सॉफ्टवेअरची २.२.० ही आवृत्ती ऑक्टोबर २०२३ मध्ये आली, त्यात फाइलीचे तुकडे न उतरवता प्रत करण्याची नवी सोय होती. नोव्हेंबरात काही फाइलींच्या प्रतींमध्ये मधेमधे शून्यं भरल्याची तक्रार आली. आधी संशय नव्या सोयीवर गेला आणि २.२.१ मध्ये ती बंद करण्यात आली. पण खोलात गेल्यावर दिसलं, की मूळ चूक कितीतरी जुनी आहे आणि नव्या सोयीने ती फक्त जास्त वेळा उघडी पडते.

एखादी फाइल लिहिली जात असताना त्याच क्षणी दुसऱ्या प्रोग्रॅमने तिची प्रत काढली, तर मजकूर असलेल्या जागी त्याला रिकामी जागा दिसू शकायची. मूळ फाइल शाबूत आणि प्रतीत शून्यं. चेकसम त्या शून्यांचा बनलेला, त्यामुळे तपासणी 'सगळं ठीक' म्हणणार. ज्या गुणासाठी आपण झेडएफएस निवडतो तोच इथे आंधळा ठरत होता. हे वाचून माझा धीर खचला होता, हे लपवत नाही.

पण पुढचं पाहा. चूक हमखास घडवून दाखवणारी छोटी स्क्रिप्ट सर्वांसमोर ठेवली गेली आणि तात्पुरता उपाय सांगितला गेला. ३० नोव्हेंबरला २.२.२ आणि त्याच सुमारास जुन्या शाखेसाठी २.१.१४ अशा दुरुस्त आवृत्त्या आल्या. चूक कुठे, किती वर्षांची, कोणाला धोका, यावरची सगळी चर्चा आजही वाचता येते. अनेक संस्थांचे अभियंते एकाच वेळी तिच्यावर बसले होते आणि फ्रीबीएसडी या वेगळ्या ऑपरेटिंग सिस्टिमची मंडळीही त्यात होती.

यातून मी दोन गोष्टी घेतल्या. वय झालं म्हणून चूक होणार नाही असं नाही. आणि जुन्या प्रकल्पातली नवी सोय ही नवीच समजायची. झेडएफएसमध्ये जानेवारी २०२५ मध्ये २.३ सोबत आरएआयडीझेडचा (झेडएफएसच्या स्वतःच्या रेडचा) गट एकेक डिस्क घालून वाढवण्याची सोय आली. ती लोक फार वर्षांपासून मागत होते. मी ती वाचनालयात अजून वापरणार नाही. झेडएफएसचं स्वतःचं एन्क्रिप्शनही मी टाळतो, कारण ते चालू ठेवून स्नॅपशॉट दुसरीकडे पाठवताना येणाऱ्या अडचणींच्या नोंदी बराच काळ उघड्या राहिलेल्या पाहिल्यात. एन्क्रिप्शन लागेल तिथे खाली एलयूकेएस (लिनक्सचं डिस्क-एन्क्रिप्शन) लावतो.

बीटीआरएफएस: अर्धी तयार, आणि कोणती अर्धी ते नीट कळणारी

बीटीआरएफएसचं काम ख्रिस मेसन यांनी २००७ मध्ये ओरॅकलमध्ये असताना सुरू केलं आणि २००९ मध्ये ती लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात, गेली. तिच्याबद्दल दोन टोकांची मतं ऐकू येतात. एक म्हणतो, मेटासारखी कंपनी आपल्या प्रचंड ताफ्यात ती वापरते, मग तुम्हाला काय हरकत? दुसरा म्हणतो, लिनक्सचं वितरण बनवणाऱ्या रेड हॅटने २०१७ मध्ये ती सोडून द्यायचं जाहीर केलं आणि आपल्या आरएचईएल ८ मधून काढूनच टाकली. दोन्ही खरं आहे. फेडोरा ३३ या लिनक्स वितरणाने २०२० मध्ये डेस्कटॉपसाठी तीच मुख्य निवड केली, हेही खरं.

मला यातून उलगडा झाला तो सुसे या लिनक्स वितरण बनवणाऱ्या कंपनीमुळे. सुसेचे लोक बीटीआरएफएसवर मन लावून काम करतात. २०१४ च्या एसएलईएस १२ या सर्व्हरसाठीच्या वितरणात त्यांनी ऑपरेटिंग सिस्टिमच्या भागासाठी बीटीआरएफएस ठरवली, म्हणजे अपडेट बिघडलं तर स्नॅपशॉटवरून मागे येता येईल. आणि डेटाच्या भागासाठी? एक्सएफएस ही दुसरी, जुनी फाइल सिस्टिम. जे ती बनवतात त्यांनीच तिला कुठे बसवलं आणि कुठे नाही हे पाहिलं की बरंच कळतं. सिनॉलॉजीच्या साठवण पेट्यांतही बीटीआरएफएस असते, पण अनेक डिस्क एकत्र बांधण्याचं काम खालचं लिनक्सचं एमडी करतं.

त्या कामातच तिची कमजोर जागा आहे. तिचे रेड ५ आणि रेड ६ हे प्रकार २०१३ मध्ये आले आणि प्रॉडक्शनमध्ये वापरू नका असं तिचं स्वतःचं दस्तऐवजीकरण आजही सांगतं. लिहिता लिहिता वीज गेली तर मजकूर आणि त्याची पॅरिटी (हरवलेला भाग परत काढण्यासाठीची जादा माहिती) यांचा मेळ तुटू शकतो. आपल्याकडच्या विजेच्या लहरी पाहता एवढं एक वाक्य पुरे. एका डिस्कवर किंवा साध्या जोडीत ती चांगली चालते, असा माझाही अनुभव आहे.

या प्रकल्पाचा मला आदर वाटतो तो वेगळ्याच कारणाने. कोणती सोय किती पक्की याचा तक्ता ते स्वतः ठेवतात. 'आमचं सगळं तयार आहे' म्हणणाऱ्यापेक्षा 'एवढं तयार आहे, एवढं नाही' म्हणणाऱ्यावर मी लवकर विश्वास टाकतो.

बीकॅशएफएस: कोड चांगला असून वाट अडली

आता मुलाच्या आवडीची. केंट ओव्हरस्ट्रीट यांनी आधी बीकॅश लिहिलं, म्हणजे एसएसडीला मोठ्या डिस्कची झटपट मेमरी बनवण्याची सोय, आणि ते २०१३ मध्ये कर्नलमध्ये गेलं. त्यातूनच पुढे आख्खी फाइल सिस्टिम करायची कल्पना निघाली आणि २०१५ मध्ये बीकॅशएफएस जाहीर झाली. बरीच वर्षं ती बाहेरच वाढली. जानेवारी २०२४ मध्ये लिनक्स ६.७ आलं तेव्हा ती कर्नलमध्ये होती, 'प्रायोगिक' अशा खुणेसह. एका माणसाने चाहत्यांच्या वर्गणीच्या जोरावर इतकं मोठं काम उभं करणं ही साधी गोष्ट नाही.

त्यानंतरची हकिकत नीट समजून घ्यायला हवी, कारण कोड वाचून ती कळत नाही.

कर्नलची नवी आवृत्ती साधारण दर ९–१० आठवड्यांनी येते. सुरुवातीच्या दोन आठवड्यांत नवं काम आत घेतात आणि पुढे फक्त दुरुस्त्या. ओव्हरस्ट्रीट त्या पुढच्या काळातही मोठे बदल पाठवत राहिले, ऑगस्ट २०२४ मध्ये त्यावरून लिनक्सचे जनक लायनस टॉरव्हल्ड्स यांच्याशी उघड वाद झाला. त्याच वर्षअखेरीस वागणुकीच्या नियमांवरून ६.१३ च्या फेरीत त्यांचं काम घेणं थांबवण्यात आलं. जून २०२५ मध्ये ६.१६ च्या दुरुस्तीच्या काळात त्यांनी अडकलेला डेटा सोडवण्यासाठी एक नवं साधन पाठवलं. त्यांचा मुद्दा असा, की ज्याच्या फाइली अडकल्यात त्याला पुढच्या फेरीची वाट बघायला कसं सांगू? टॉरव्हल्ड्स यांचा मुद्दा असा, की नवी सोय ही नवी सोय, आणि नियम सगळ्यांना सारखे. तो कोड त्यांनी घेतला, पण ६.१७ च्या वेळी आपल्या वाटा वेगळ्या होतील असंही सांगून टाकलं. ६.१७ मध्ये बीकॅशएफएसवर 'बाहेरून देखभाल' अशी नोंद लागली आणि ६.१८ मध्ये तिचा कोड कर्नलमधून काढला गेला. ते कर्नल नोव्हेंबर २०२५ च्या शेवटी बाहेर पडलं.

या वादात कोण बरोबर हे ठरवायला मी बसलेलो नाही. मला दोघांचंही म्हणणं कळतं. अडकलेल्या माणसासाठी जीव तोडणारा विकासक मला हवाच आहे. पण वाचनालयाच्या खुर्चीवरून पाहिलं तर काय दिसतं? जानेवारी २०२४ मध्ये 'आता कर्नलमध्येच आली' म्हणून जो तिच्यावर विसंबला, त्याला दोन वर्षांच्या आत आपली वाट बदलावी लागली. ऑगस्ट २०२४ मध्ये डेबियन या लिनक्स वितरणातल्या तिच्या साधनांच्या पॅकेजची देखभाल करणाऱ्यानेही ते सोडलं, कारण तिला लागणाऱ्या रस्ट या प्रोग्रॅमिंग भाषेतल्या लायब्ररींच्या आवृत्त्या डेबियनच्या चौकटीत बसवणं त्याला अशक्य झालं होतं. म्हणजे फाइल सिस्टिम एका हाती आणि ती आपल्यापर्यंत आणणाऱ्या वाटा एकेक करून अरुंद होत गेलेल्या. आज प्रकल्प स्वतःच्या भांडारातून डेबियन-उबुंटूसाठी पॅकेजं देतो आणि तिचं मॉड्यूल (कर्नलला जोडायचा भाग) डीकेएमएस या साधनाने आपल्या यंत्रावर बांधलं जातं.

इथे चाणाक्ष वाचक विचारेल, की झेडएफएस तरी कुठे कर्नलमध्ये आहे? नाही, आणि परवान्याच्या अडचणीमुळे कधी असेल असं दिसतही नाही. तीही बाहेरूनच येते. कर्नल नवं आलं की तिला जुळवून घ्यायला वेळ लागतो. अपडेटनंतर मॉड्यूल बांधलं गेलं नाही तर सर्व्हर उठतो आणि साठा गायब दिसतो. कागदावर दोघींची जागा सारखीच आहे.

फरक पडतो तो मागे उभ्या असलेल्या माणसांचा. उबुंटू २०१६ च्या १६.०४ पासून झेडएफएसचं मॉड्यूल तयार करून देतं. सर्व्हरसाठीचं प्रॉक्समॉक्स आपल्या कर्नलसोबतच ते देतं आणि साठवणीसाठीच्या ट्रूनॅसचा तर सगळा संसार तिच्यावर आहे. फ्रीबीएसडीत ती मूळ सिस्टिमसोबतच येते. यातला एक गट उद्या बाजूला झाला तरी बाकीच्यांचा डेटा तिच्यावरच असल्यामुळे त्यांना ती चालवावीच लागेल. बीकॅशएफएसची दोरी आज प्रामुख्याने एका माणसाच्या हातात आहे, आणि आजारपण, थकवा, मतभेद कोणाला चुकलेत?

आम्ही तिन्ही तोडून पाहिल्या

वाचून मत बनवणं एक आणि हाताने मोडून पाहणं वेगळं. नव्या डिस्क बाजूला ठेवून जुन्या ४ डिस्कवर आम्ही तीन आठवडे प्रयोग केले. हे तुम्हीही करा, फक्त खऱ्या साठ्याच्या आसपासही फिरकू नका.

पहिला प्रयोग विजेचा. स्कॅनच्या फाइली उतरत असताना सर्व्हरची तार ओढायची, पुन्हा चालू करायचं आणि आधी काढून ठेवलेल्या चेकसमशी प्रत्येक फाइल ताडून पाहायची. प्रत्येकीवर २० वेळा केलं. अर्धवट उतरलेली शेवटची फाइल सोडली तर तिन्हींनी काही गमावलं नाही.

दुसरा, जोडीतल्या एका डिस्कच्या मधल्या भागावर मुद्दाम कचरा लिहायचा आणि मग स्क्रब म्हणजे पूर्ण तपासणी चालवायची. तिन्हींनी चूक पकडली आणि दुरुस्त केली. पण बीकॅशएफएसमध्ये स्क्रबची आज्ञाच मुळी २०२५ मध्ये, ६.१५ सोबत आली. अभिलेखागाराला जी गोष्ट दर महिन्याला लागते, ती फाइल सिस्टिम कर्नलमध्ये येऊन वर्ष उलटल्यावर पोचली. ती चांगली चालली, पण तिच्यावर लोकांचे हात फिरून किती दिवस झालेत, हा विचार सोडत नाही.

तिसरा प्रयोग सर्वांत शिकवणारा होता. एक डिस्क काढून घ्यायची आणि सर्व्हर चालू करायचा. झेडएफएसने साठा लावला (म्हणजे वापरायला जोडला), 'डिग्रेडेड' अशी स्थिती दाखवली आणि कोणती डिस्क नाही ते नावानिशी सांगितलं. बीटीआरएफएसने साठा लावायलाच नकार दिला. तसा पर्याय हाताने दिला तेव्हाच लावते, तशी तिची रीतच आहे आणि त्यामागे विचारही आहे. पण मी गावात नसताना डिस्क गेली, तर ग्रंथपाल ताईंना फोनवर आज्ञा सांगत बसावं लागेल. हा मुद्दा कुठल्याही गुणांच्या तक्त्यात मला दिसला नव्हता आणि आमच्या निर्णयात त्याचं वजन मोठं ठरलं.

चौथ्या प्रयोगात साठा शेवटच्या बाइटपर्यंत भरला आणि मग फाइली पुसता येतात का ते पाहिलं. झेडएफएस थोडी जागा स्वतःसाठी राखून ठेवते, त्यामुळे पुसणं सुरळीत झालं. बीटीआरएफएसला एकदा मोकळ्या जागेची फेरमांडणी करून द्यावी लागली. एक व्यवहाराची सूचना इथेच देतो: साठ्यासाठी डिस्क घेताना ती एसएमआर पद्धतीची नाही ना, हे दुकानदाराला विचारून आणि मॉडेलचा तपशील पाहून घ्या. एकमेकांवर चढणाऱ्या पट्ट्यांच्या त्या डिस्कवर विखुरलेलं, बराच वेळ चालणारं लेखन रडतखडत होतं आणि बदललेली डिस्क पुन्हा भरायला दिवसच्या दिवस लागतात.

बीकॅशएफएस आमच्या चारही परीक्षा पास झाली. मुलगा खूश होता आणि ते योग्यही होतं. मी त्याला एवढंच म्हटलं, की आपण चार गोष्टी मोडून पाहिल्या, कारण आपल्याला चारच सुचल्या. झेडएफएसमधली २०२३ ची चूक आपल्या कोणत्याही प्रयोगात सापडली नसती. ती सापडली, कारण असंख्य यंत्रांवर असंख्य लोक आपापली कामं करत होते आणि त्यातल्या एकाची प्रत बिघडली. तीन आठवडे मी घालवू शकतो, पण तेवढी यंत्रं आणि तेवढी वर्षं कुठून आणू?

मग कोणी काय घ्यावं

दुसरीकडे प्रत नसलेला साठा, अनेक डिस्क आणि सांभाळणारा एकच माणूस असेल तर झेडएफएस घ्या, डिस्कच्या जोड्या करून. मेमरी ८ जीबी असली तरी असा साधा साठा नीट चालतो, फक्त डीडुप्लिकेशनच्या (सारखे तुकडे एकदाच ठेवण्याच्या सोयीच्या) वाटेला जाऊ नका. दीर्घकाळ आधार असलेलं कर्नल वापरा आणि कर्नलचं अपडेट आपोआप होऊ देऊ नका. नवी मोठी आवृत्ती आली की किमान दोन दुरुस्ती-आवृत्त्या येईपर्यंत थांबा. २.२.० च्या वेळी जे थांबले त्यांना त्या नव्या सोयीचा फटका बसला नाही, पण जुनी चूक त्यांच्याकडेही होतीच, म्हणून दुरुस्तीच्या बातम्यांवर लक्षही ठेवा.

कर्नलच्या बाहेरचं काहीच नको असेल, डिस्क एक किंवा दोन असतील, किंवा लॅपटॉपवर स्नॅपशॉटची सोय हवी असेल तर बीटीआरएफएस घ्या. रेड ५ आणि ६ सोडून. डिस्क गेल्यावर साठा कसा लावायचा हे कागदावर लिहून सर्व्हरच्या पेटीवर चिकटवा.

ज्यांचा डेटा पुन्हा बनवता येतो, उदाहरणार्थ डाउनलोड केलेल्या गोष्टी किंवा चाचणीची यंत्रं, त्यांनी बीकॅशएफएस जरूर वापरावी आणि अडचण आली तर नीट नोंदवावी. असे वापरकर्ते नसतील तर ती कधीच पिकणार नाही. एसएसडी आणि मोठ्या डिस्कची जोडणी ज्यांना हवी, त्यांना तिच्याइतकी सुटसुटीत दुसरी मला सापडली नाही. दुधाने तोंड पोळलं म्हणून ताक फुंकून पिणं समजू शकतं, पण ताक टाकून देऊ नये.

आणि निवड कोणतीही असो, बॅकअप वेगळ्या फाइल सिस्टिमवर ठेवा. साठा झेडएफएसवर आणि बॅकअपही झेडएफएसवर असेल, तर एकच चूक दोन्ही प्रती खाऊ शकते. स्नॅपशॉट पाठवण्याची सोय मोहात पाडते, पण निदान एक प्रत साध्या फाइली म्हणून, वेगळ्या जातीच्या डिस्क-मांडणीवर असू द्या. सोबत चेकसमची यादी साध्या मजकुराच्या फाइलीत ठेवा.

वाचनालयात शेवटी असं बसवलं: ४ डिस्कच्या २ जोड्या झेडएफएसवर, वापरायला १६ टीबी. ऑपरेटिंग सिस्टिम वेगळ्या एसएसडीवर, ईएक्सटी ४. दर रविवारी रात्री बाहेरच्या डिस्कवर एक्सएफएसमध्ये साधी प्रत उतरते आणि ती डिस्क कार्यवाह सरांच्या घरी जाते, तिची जोडीदार परत येते. महिन्याच्या पहिल्या तारखेला स्क्रब. दर तीन महिन्यांनी बॅकअपमधून कोणतेही १०० अंक परत आणून यादीशी ताडून पाहायचे, आणि ते काम मुलगा करतो. यूपीएसची बॅटरीही बदलली.

प्रयोगाच्या त्या जुन्या ४ डिस्क मी मुलालाच दिल्या. त्यांवर बीकॅशएफएस आहे आणि साठ्याची एक तिसरी, जास्तीची प्रत तो तिथे चालवतो. आम्ही तिघांनी वहीत लिहून ठेवलंय, की तिचा विचार पुन्हा कधी करायचा: पुढची दोन वर्षं ती प्रत एकदाही न बिघडता राहिली, मुख्य विकासकाखेरीज आणखी दोघं-तिघं नियमित दुरुस्त्या करताना दिसले, आणि एखाद्या मोठ्या वितरणाने तिचं मॉड्यूल स्वतःच्या जबाबदारीवर द्यायला सुरुवात केली तर. कार्यवाह सरांनी त्या पानावर तारीख घालून सही केलीय.